लिफ्टमधली परीक्षा

लिफ्ट सांभाळणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट इतकी म्हातारी असावी, याचं येणाऱ्या प्रत्येकाला नवल वाटे. शहरभर ज्यांच्या जिवावर चकचकीत लिफ्ट वरखाली धावतात, त्यांच्या घरी मात्र आतून सरकती जाळी, बाहेरून जाड लोखंडी दार आणि चढताना कण्हणं. कंपनीच्या मालकाने, म्हणजे दादाने, ती मुद्दाम ठेवली होती. तिच्यावरूनच त्याच्या डोक्यात ते खूळ शिरलं होतं.

झालं होतं असं. धंदा नवा असताना एका मिस्त्रीला कामावर घ्यावं की नाही, या घोळात दादा होता, आणि नेमके ते दोघे या लिफ्टमध्ये अडकले. मिस्त्रीने खिशातून पाना काढला, झाकण उघडलं आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही निवांत बसा, मी बघतो." दादा अर्थातच बसला नाही, बॅटरी धरून त्याच्या डोक्यावर उभा राहिला. पण माणूस त्याला आवडला. त्या मिस्त्रीला पुढे सगळे पानाच म्हणायला लागले. आणि तेव्हापासून दादाने ठरवून टाकलं, की कुणालाही मोठ्या जागेवर घ्यायचं तर आधी या लिफ्टमध्ये अडकवून बघायचं.

मोठमोठ्या कंपन्यांत म्हणे माणसं पारखायला कोडी घालतात, गटागटाने चर्चा करायला लावतात, मग त्याचे रंगीत आलेख काढतात. इथे सरळ लिफ्ट बंद पाडायचे. उमेदवाराला घेऊन ताई वरच्या हॉलकडे निघायची. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत पाना दबा धरून बसलेला असायचा. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध तो लिफ्ट हळूच थांबवायचा, पंखा बंद करायचा, कारण उकाड्यात माणसाचा मुखवटा गळतो असं त्याचं मत होतं, आणि घंटेची तारही काढून ठेवायचा. मग ताई बघत राहायची. माणूस कुणावर डाफरतो, किती वेळा घड्याळ बघतो, सोबत एक बाई आहे याची त्याला आठवण राहते का. पुरेसं दिसलं की भिंतीतल्या बोलक्या पेटीचं बटण दाबून ती म्हणायची, "चहा गार होतोय." लिफ्ट चालू.

ताई म्हणजे दादाची धाकटी बहीण. कंपनीत माणसं घेण्याचं काम पहिल्यापासून तिचं. लोक म्हणत, ताईची नजर चुकत नाही. हे ऐकून तिला पूर्वी बरं वाटायचं. हल्ली ते ऐकवत नसे.

कारण सूटवाला. तो लिफ्टमध्ये अडकला तेव्हा त्याने कोट काढून घडी घातली, ताईला दोन विनोद सांगितले आणि तिसरा सांगता सांगता लिफ्ट सुरूही झाली. कपाळावर घामाचा टिपूस नाही. ताई भाळली. कंपनीचा सगळा कारभार त्याच्या हाती दिला, दादा जरा मोकळा होईल म्हणून. पुढे लोकांच्या तक्रारींचा ढीग साचला, चांगले मिस्त्री सोडून जायला लागले, आणि सूटवाला तसाच शांत. घर जळत असतानाही तो घडी घातलेला कोट सांभाळत बसला असता. शेवटी त्याने घातलेला गोंधळ निस्तरायला दादाच उभा राहिला, रात्रीचा दिवस केला, आणि एका दुपारी गोदामात छातीला हात लावून खाली बसला.

दादा वाचला. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही. जिना चढायचा नाही, वजन उचलायचं नाही, डोक्याला ताप नको. दादाने सगळ्याला मान डोलावली आणि दुसऱ्या आठवड्यात कामावर हजर. त्याची खोली तळमजल्यावर आणली, एवढंच काय ते ताईला जमलं. सूटवाला गेला होता, आता नवा माणूस शोधायचा होता. तो नीट निघाला तर दादा घरी बसेल. तो सूटवाल्यासारखा निघाला तर दादा पुन्हा उभा राहील, आणि या खेपेला उठेलच असं नाही. हे कुणी बोलत नव्हतं. पण ताईला जेवताना, झोपताना दुसरं काही सुचत नव्हतं.

सकाळी वहिनीचा फोन आला होता. "वन्सं, तेवढं त्यांच्याकडं बघा हं. माझ्यासमोर हो म्हणतात आणि तिकडं जाऊन मनासारखं करतात."

"मी आहे ना, वहिनी."

"तुम्ही आहात म्हणूनच पाठवते. बाई चांगली निवडा म्हणजे झालं."

बाई म्हणजे आजची उमेदवार. एका मोठ्या बस डेपोचा कारभार बघणारी, पन्नाशीकडे झुकलेली, अंगाने थोराड. ताईने मनातल्या मनात तिचं नाव डेपोबाई ठेवून टाकलं होतं. खालच्या खोलीतल्या बोलण्यात तिने काही चमक दाखवली नव्हती. तुमच्यातला सर्वांत मोठा गुण कोणता, असं विचारल्यावर बराच वेळ विचार करून म्हणाली, "मला लोकांची नावं लक्षात राहतात." आणि जाता जाता दादालाच उलट विचारलं, "तुम्ही आजारी पडलात त्या दिवसांत इथलं कोण बघत होतं?" दादा म्हणाला, "मीच. इस्पितळातून." ते त्याने अभिमानाने सांगितलं.

"चला, वरचा हॉल बघू," ताई म्हणाली. "दादा मागून येईलच." जाळी ओढली, लिफ्ट कण्हली आणि निघाली.

दुसरा मजला गेला आणि धाडकन झटका बसून लिफ्ट थांबली. ताईचा खांदा भिंतीवर आपटला. पानाने आज घाई केली, तिच्या मनात आलं. आणि ही काय थांबवायची रीत. वर गेल्यावर त्याचे कान उपटायचे असं ठरवून तिने चेहरा सरळ केला आणि डेपोबाईकडे बघायला लागली.

"अडकलो वाटतं," डेपोबाई म्हणाली.

"होतं कधी कधी. जुनी आहे."

डेपोबाईने एक हात भिंतीला टेकला. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. "ताई, मला बंद जागेची भीती वाटते. आधीच सांगून ठेवते. म्हणजे मी वेड्यासारखं काही केलं, तर तुम्ही दचकायला नको."

नापास, ताईच्या मनाने निकाल दिला. आणि लगेच तिलाच स्वतःचा राग आला, कारण याच मनाने सूटवाल्याला पहिल्या नंबराने पास केलं होतं. मग आता कुणाचं ऐकायचं? भिणाऱ्या माणसाला घ्यायचं नाही आणि न भिणाऱ्याचं काय झालं ते समोर आहे. ती विचारात असताना मानेवर बारीक गार वारा लागला. बरं वाटलं. आणि मग तिच्या ध्यानात आलं.

पंखा चालू होता.

पाना पंखा चालू ठेवत नसे. आजवर एकदाही ठेवला नव्हता. ताईने वर बघितलं. तीन पाती गरगरत होती, इतक्या मजेत की जणू काही झालंच नाही. लिफ्ट तिसऱ्या-चौथ्याच्या मधे नव्हती, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे होती. आणि तो झटका.

तिने पेटीचं बटण दाबलं. "चहा गार होतोय."

काहीच नाही. तिने पुन्हा दाबलं. "पाना, चहा गार होतोय. ऐकतोयस का?" ही पेटी वाजायची फक्त गच्चीवरच्या खोलीत. तिथे माणूसच नसेल तर ती भिंतीशी बोलत होती. सकाळी एका इमारतीतून निकडीचा निरोप आला होता खरा. पाना तिकडे गेला असेल आणि सांगायला कुणाला सांगून गेला असेल? हिशेबनिसाला. आणि हिशेबनीस म्हणजे टेबलावरचा कागद हलला तर सांगेल, पण निरोप सांगायचा म्हटला की सगळा आनंदच. तिने फोन काढला. त्या जाड भिंतींच्या विहिरीत तो कधीच लागत नसे, आजही लागला नाही.

"चहाचं काय?" डेपोबाईने विचारलं.

"काही नाही."

डेपोबाईचा हात घंटेच्या बटणाकडे गेला. ताईने तिचं मनगट घट्ट धरलं. "घंटा नको."

"का?"

"नको म्हणते ना."

डेपोबाईने हात सोडवून घेतला नाही. नुसतं म्हणाली, "ताई, मी भ्यायलेय, पण तुम्ही माझ्याहून जास्त भ्यायलात. आणि तुम्ही लिफ्टला भीत नाही आहात. काय आहे ते सांगून टाका."

मग ताईने सांगून टाकलं. परीक्षा, पाना, पंखा, सगळं. बोलताना तिचीच तिला लाज वाटत होती, इतकं ते पोरकट वाटत होतं. बाहेर सगळ्यांना माहीत होतं की आज उमेदवार आहे, म्हणजे लिफ्ट अडकणारच. त्यामुळे कुणी ढुंकूनही बघणार नव्हतं. परीक्षेत घंटा वाजत नाही. आज वाजली तर सगळ्यांना कळेल की हे खरं आहे. आणि कळलं की ते काय करतील? या कंपनीत कुणाचं काहीही अडलं की सगळे एकाच दारात धावतात. दादाच्या.

"आणि तो वर चढेल," ताई म्हणाली. "गच्चीपर्यंत. चाक हाताने फिरवून लिफ्ट खाली आणायला. ते चाक फिरवायला पानाला घाम फुटतो. त्याला जिनाच चढायचा नाहीये, बाई. तो वर पोचला तरी खाली येणार नाही."

डेपोबाईने पदराने तोंड पुसलं. "म्हणजे तुम्ही मला मुद्दाम अडकवणार होतात."

"हो."

"आणि आता आपण खरोखरीच अडकलो."

"हो."

"आमच्या डेपोत असा उद्योग कुणी केला असता, तर मी त्याला घरी बसवलं असतं." हे तिने रागाने म्हटलं नाही, पण थट्टेतही नाही. "लिफ्ट हाताने उतरवायला अजून कुणाला येतं?"

"पानाला आणि दादाला."

"अजून?"

ताईने आठवून बघितलं. शहरभर कंपनीचे कितीतरी मिस्त्री पसरले होते. पण ते नव्या यंत्रांवर शिकलेले. या म्हातारीला हात लावायचं कुणाला कधी शिकवलंच नव्हतं. शिकवायचं कशाला, दादा होता ना.

"मग तुम्हाला प्रमुख नकोच आहे," डेपोबाई म्हणाली. "तुम्हाला आधी तिसरा माणूस हवाय." आणि तिने दुसऱ्या हाताने घंटेचं बटण दाबलं.

घंटा साऱ्या इमारतीत घणघणली.

"दादा कसेही येणारच होते," डेपोबाई घाईने बोलत होती. "उशिरा कळलं असतं तर धावत आले असते. आता निदान चालत येतील."

खाली दारं उघडल्याचे आवाज आले. कुणीतरी हाक मारली. मग जिन्यावर पावलं वाजली. जिना लिफ्टच्या भोवतीनेच वर जात होता, त्यामुळे पायरी न् पायरी ऐकू येत होती. ती पावलं ताईने लहानपणापासून ऐकली होती. शाळेतून यायला तिला उशीर झाला की तीच पावलं तिला शोधायला निघायची. आता ती चार पायऱ्या चढत होती आणि थांबत होती.

"दादा, वर येऊ नकोस," ती ओरडली. "दादा, तुला शपथ आहे."

"घाबरू नकोस, चिमे. आलोच." आवाजात धाप होती. त्याला वाटत होतं, ती स्वतःसाठी घाबरलीय. त्याच्या मागून हिशेबनिसाचा आवाज येत होता, "दादा, अहो जरा दमानं. दादा, पाना बाहेर गेल्याचं मी सांगणारच होतो, पण लिफ्ट थांबलेली दिसली, म्हटलं पाना परत आला असेल."

"गप बसा हो तुम्ही."

ताईने जाळी दोन्ही हातांनी धरली. तिला रडू फुटलं. ती त्याला थांबवू शकत नव्हती. आजपर्यंत कुणालाही ते जमलं नव्हतं. तेवढ्यात डेपोबाई खाली गुडघ्यांवर बसली, जिथे लिफ्टच्या फरशीखाली दुसऱ्या मजल्याच्या दाराची फट होती, आणि फटीला तोंड लावून बोलली.

"दादा, मी आत आहे. मुलाखतीला आलेली."

पावलं थांबली. "माफ करा हं बाई. आत्ता वर जातो आणि तुम्हाला काढतो."

"तुम्ही वर जाऊ नका. मला बंद जागेची भीती वाटते. फार वाटते. ताई धीर देऊन दमल्या. जाणत्या माणसाचा आवाज जवळ असला तर मी तग धरीन. तुम्ही गेलात तर माझं काय होईल, मला सांगता येत नाही."

"अहो, पण वर गेल्याशिवाय चाक कोण फिरवणार?"

"तुमच्यासोबत आहेत ना एक जण."

"हा? हा हिशेबनीस आहे, बाई. याने जन्मात कधी स्क्रू पिळला नाही."

"हात आहेत ना त्यांना? तुम्ही फोनवर सांगा, ते करतील. तुम्ही इथं पायरीवर बसा आणि माझ्याशी बोला. बसलात का?"

बाहेर शांतता.

"बसलात का, दादा?"

"बसतो."

"मला ऐकू नाही आलं."

मग ते आलं. किल्ल्यांचा जुडगा पायरीवर टेकल्याचा आवाज आणि एक लांब श्वास. ताईने जाळीवर डोकं टेकलं.

पुढचं सगळं दादाच्या तोंडूनच कळत गेलं. हिशेबनीस वर गेला. फोनवर बसणाऱ्या बाईंनाही त्याच्या मदतीला धाडलं. "आधी मोठा स्विच खाली करा. खाली म्हणजे खाली, वाकवायचा नाही." खट् झालं, दिवा गेला आणि पंखाही थांबला. अंधारात डेपोबाईने ताईचा हात धरला. तो हात बर्फासारखा गार होता. म्हणजे भीती खोटी नव्हती. ताईला आतापर्यंत वाटत होतं, बाई छान नाटक करतेय.

"ब्रेकची लाल दांडी बाईंनी धरायची," दादा सांगत होता. "आणि मी सोडा म्हणेपर्यंत सोडायची नाही. चाक तुम्ही फिरवा, डावीकडं. ग्रीस लागणारच, हिशेबनीस. तुम्हाला आज बोहल्यावर चढायचंय का?"

लिफ्ट एका बाजूला हलली. मग वर सरकली.

"अरे गाढवा, वर नाही, खाली. डावीकडं म्हटलं ना. याला काही कळत नाही, मीच जातो."

किल्ल्या वाजल्या. तो उठत होता.

"दादा," डेपोबाई फटीपाशी म्हणाली, आणि तिचा आवाज खरंच फाटला, "बोलत राहा. अंधार आहे इथं. आता आपण कुठं आहोत?"

"आं? आता दुसऱ्याच्या जरा वर." तो अजून उभाच होता, आवाज वरून येत होता.

"मला दिसत नाहीये. तुम्ही बसून फटीतून बघून सांगा. मला तुमचे बूट दिसले तरी पुरे."

थोड्या वेळाने फटीच्या उजेडात दादाच्या बुटांची टोकं आली. मग तो बोलत राहिला. आधी फोनवर हिशेबनिसाला, मग फटीतून डेपोबाईला, मग पुन्हा हिशेबनिसाला. "हळू. हळू. दोरावर पांढरा पट्टा दिसतोय का? तो कडेला आला की थांबायचं. शाबास. बघा, येतंय की तुम्हाला." हिशेबनिसाला दादाने शाबास म्हटलेलं कंपनीत कुणी ऐकलं नव्हतं. लिफ्ट इंच इंच करत खाली आली आणि फरशी दुसऱ्या मजल्याला लागली. "आता दांडी सोडा. दोघंही बाजूला व्हा."

दार उघडल्यावर डेपोबाई कुणाशी काही न बोलता जिन्याजवळच्या बेसिनकडे गेली. तिला ओकाऱ्या येत होत्या. ताई तिच्या मागे जाणार होती, पण आधी दादाकडे वळली. तो पायरीवर बसला होता, कॉलरचं बटण उघडं, चेहरा घामाने डबडबलेला. ताईने त्याच्या छातीकडे बघितलं, हाताकडे बघितलं. हातात फोन होता. श्वास लागला होता, पण उतरत होता. ती त्याच्या शेजारी बसली.

"दुखतंय का कुठं?"

"काही नाही गं. दोन मजले चढलो फक्त." त्याने बेसिनकडे मान हलवली आणि आवाज खाली केला. "बाई भली आहे. पण चिमे, इतकं भिणाऱ्या बाईला लिफ्टच्या कंपनीत कसं घ्यायचं? परीक्षेत साफ नापास."

"दादा, तू बसलायस."

"मग? त्यांना धीर द्यायला नको?"

"पाना म्हणाला तेव्हा तू बसला नव्हतास. डॉक्टर म्हणाले तेव्हा नाही. वहिनीने डोळ्यात पाणी आणून सांगितलं तेव्हा नाही. मी तर रोज सांगतेय." तिचा आवाज भरून आला. "मला वाटलं, आज तू जाणार."

दादाच्या चेहऱ्यावर आधी राग आला, कुणीतरी फसवल्यासारखा. मग तो लिफ्टच्या उघड्या दाराकडे बघत राहिला.

फोनमधून हिशेबनीस विचारत होता, "दादा, स्विच पुन्हा चालू करू का? नेमकं काय बिघडलंय, तुम्ही वर येऊन बघता का?"

दादाचा हात सवयीने कठड्यावर गेला. पकड घट्ट झाली. बेसिनवरचा नळ बंद झाला आणि डेपोबाई तोंड पुसत कोपऱ्यावर येऊन उभी राहिली. ती दादाकडे बघत होती, पण या खेपेला त्याला कुणीच अडवलं नाही.

दादाने कठडा सोडला.

"नको," तो फोनवर म्हणाला. "पाना येईपर्यंत कशाला हात लावू नका. आणि तो आला की त्याच्याजवळ उभे राहा, काय करतो ते दोघंही शिकून घ्या. मग हात धुऊन खाली या. सावकाश या."

त्याने फोन खिशात टाकला आणि डेपोबाईला बसायला जागा व्हावी म्हणून पायरीवर थोडा सरकला.